उताराच्या तोंडाशी मोटारसायकल

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाचीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना कठडा धरून उतरतेस की पुन्हा तीच घाई? बाबा म्हणतात तुझा खोकला थांबलाय, पण बाबांच्या सांगण्यावर मी कधी निर्धास्त झालेले नाही, तेव्हा तूच कळव. हे पत्र तुला फोनमधली बाई वाचून दाखवेल. मध्येमध्ये ती 'कंस सुरू', 'कंस पूर्ण' म्हणेल, तिच्यावर चिडू नकोस (दोष माझा आहे, मला कंसाशिवाय विचारच करता येत नाही).

विद्यापीठाची वेबसाइट दिसत नसलेल्यांना, ऐकू येत नसलेल्यांना, माउस धरता येत नसलेल्यांनाही वापरता यावी, हे काम माझ्याकडे आल्याचं मी कळवलं होतंच. पहिल्याच दिवशी साहेबांनी चारशे बारा फोटोंची यादी दिली. प्रत्येक फोटोला दोन ओळींचं वर्णन हवं; ते डोळसांना दिसत नाही, फक्त तुझ्या बाईसारखं यंत्र ते वाचून दाखवतं. मला वाटलं, हे तर मला पाचव्या वर्षापासून येतं. घरात वाचता येणारी मी पहिली, त्यामुळे औषधाच्या बाटलीपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं तुला मीच सांगायची, आणि नवरी फार सुंदर आहे असं म्हटलं की तू विचारायचीस, ते राहू दे, दिसतंय काय ते सांग. तेव्हा मी दिसतंय ते लिहिलं. 'कुलगुरू रोपाला पाणी घालत आहेत. झारीतून पाणी येताना दिसत नाही. मागे सात जण उभे, त्यांतले दोघे घड्याळ बघत आहेत.' ग्रंथालयाच्या फोटोखाली लिहिलं, 'पुस्तकांची नऊ कपाटं. नऊंनाही कुलूप.' आणि अपंग विद्यार्थ्यांच्या सोयींच्या पानावर व्हीलचेअरसाठीच्या उताराचा फोटो होता, त्याला लिहिलं, 'सिमेंटचा उतार, दोन्ही बाजूंना कठडा. उताराच्या तोंडाशी लाल मोटारसायकल लावलेली आहे.' तीन आठवडे मी हे मन लावून केलं. कुणी तपासलं नाही, कारण तपासणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं.

मग बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कुलगुरू मधोमध. साहेबांनी मोठ्या अभिमानानं यंत्र सुरू केलं. झारीपाशी कुणीतरी खाकरलं. कपाटांपाशी ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. मोटारसायकलचं वाक्य यंत्रानं जरा जास्तच स्पष्ट म्हटलं, आणि आत्या, खोलीतले सगळे साहेबांकडे बघायला लागले (मला खरंच माहीत नव्हतं ती कुणाची आहे ते. माहीत असतं तरी लिहिलं असतं, पण मग रंग लिहिला नसता). कुलगुरू उठून खिडकीशी गेले, खाली बघितलं, परत येऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "अजून आहे."

दुपारी सगळी वर्णनं बदलायचा हुकूम आला. मी दोन दिवस रुसून बसले, तिसऱ्या दिवशी स्वतःशीच विचार केला. ज्या मुलीला अर्जाची शेवटची तारीख शोधायची आहे, तिला कोण घड्याळ बघतंय याच्याशी काय करायचंय? डोळस माणूस फोटोवरून नजर फिरवून पुढे जातो, तिला मात्र माझं प्रत्येक वाक्य ऐकत बसावं लागणार. खरेपणाच्या नावाखाली मी तिचा वेळ खात होते. म्हणून झारी काढली, घड्याळं काढली. कुलपं ठेवली, कारण पुस्तक हवं असलेल्याला ती कळायला हवीत. उतारासाठी मात्र मी अडून बसले, की आधी गाडी हलवा, मग फोटो नवा काढा, मग वर्णन बदलते. गाडी हलली. नवा फोटो आला. त्यात गाडीच्या जागी मोठी कुंडी आहे. पुन्हा अर्ज दिलाय.

खरी अडचण पुढे आहे. प्रवेशाचा जुना अर्ज न दिसणाऱ्या माणसाला एकट्यानं भरताच यायचा नाही. शेवटी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा म्हणायचा. आम्ही नवा तयार केलाय. पण तो कायमचा राहायचा तर शुक्रवारपर्यंत मला एका कागदावर सही करायची आहे, की दृष्टिहीन व्यक्तीनं कोणाच्याही मदतीशिवाय हा अर्ज पूर्ण भरला. नाहीतर आणखी वर्षभर जुनाच. साहेब म्हणाले, तू डोळ्यांवर ओढणी बांधून भरलास ना, झालं, कर सही. भरला होता, खरं आहे. पण लहानपणी मी तुझ्यासारखी होऊन बघायला डोळे मिटून घरभर फिरले होते, आणि कुठेच न धडकता आले म्हणून मिरवत होते, तेव्हा तू म्हणालीस, "डोळे मिटलेस गं, पण घर ठाऊक आहे ते कुठे मिटलंस?" अर्जातलं प्रत्येक बटण मीच ठेवलंय. ते मी कशी मिटू? कागद टेबलाच्या खणात आहे, आणि खण उघडायचा नाही म्हणून मी पेनही शेजारच्या बाईंचं वापरते.

बाकी सगळं ठीक. आईला सांग मी वेळेवर जेवते.

तुझी,
भाची

ता. क. या पत्रामागोमाग एक लिंक येईल. तो अर्ज तू भर. शेजारच्या वहिनींना हाक मारायची नाही. जिथे अडशील तिथे मला शिव्या घाल, पण कुठे घातल्यास ते लक्षात ठेवायला सांग बाबांना. नाहीच भरता आला तर मी सही करणार नाही, तेव्हा माझी कीव येऊन भरता आला असं म्हणू नकोस.

ता. क. २. साहेबांना मी सांगितलंय की तू फक्त चाचणी घेते आहेस. ऑफिसात मी बोललेलं हे पहिलं खोटं. लिंक खऱ्या अर्जाची आहे. ध्वनिमुद्रणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम, आधीचं शिक्षण लागत नाही, कान लागतात. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी तू शाळा सुटेपर्यंत पायरीवर बसून राहिलीस, आणि तुम्हालाही शिकायचंय का, असं बाईंनी विचारल्यावर नुसतीच हसलीस. ते हसू कसं होतं, ते मला अजून लिहिता आलेलं नाही. 'अर्ज सादर करा' हे बटण सगळ्यात शेवटी आहे. ते दाबायचं की नाही, ते तू ठरव. चाचणी त्याच्या आधीच्या बटणापर्यंत पुरते.

ता. क. ३. अर्जाला फोटो लागतो. बाबांनी रेशनकार्डासाठी काढून आणलेला सोबत पाठवते आहे, जोडायचा मात्र तूच. खाली वर्णन लिहिलंय, बाईकडून ऐकून घे आणि एक शब्दही जास्त वाटला तर कळव: 'एक बाई. वय एकेचाळीस. केस घट्ट बांधलेले. ओठ मिटलेले. मान थोडी वळलेली, दाराच्या दिशेनं.'