मागच्या टायरचा करार

१७ नोव्हेंबर २०१८, शनिवार

करार झाला! वैजूच्या मोटारसायकलला आज नवा मागचा टायर बसला. खाचांची खोली सहा मिलिमीटर, मी स्वतः मोजली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं: "हा शेवटचा टायर. खोली कुठेही एक मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला. टायर संपला की गाडी विकायची." खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार माझी बायको कुसुम.

वैजूने सही केली ती एका श्वासात. तिला फक्त दहा फेब्रुवारी गाठायचीय. त्या दिवशी हवाईपट्टीच्या ट्रॅकवर सगळ्यांच्या घड्याळ लावून फेऱ्या घेणार आहेत, आणि त्यावरून तिला पहिल्या गटात घेतील की नाही ते ठरणार. सत्तावीस वर्षांची इंजिनिअर मुलगी, मंडीदीपला चांगली नोकरी, आणि एकाआड एक रविवारी जुन्या हवाईपट्टीवर जाऊन गुडघा जमिनीला टेकवत गोल गोल फिरते! का, तर म्हणे मजा येते.

घरात ट्रॅकचा विषय काढायचा नाही, हा नियम माझाच. जे काही असेल ते दोघांनी त्या वहीत लिहायचं.

१८ नोव्हेंबर, रविवार

पहाटे उठून सहज हवा पाहिली. मागच्या चाकात सव्वीस! चेनगार्डवरच्या पट्टीवर कंपनीने स्पष्ट छापलंय — तेहतीस. काल संध्याकाळी वहीत वैजूनेच "२६" लिहिलंय, आणि तशीच निघणार होती! पायपंपाने तेहतीस केली. बोललो नाही. बोललो असतो तर ट्रॅकचा विषय निघाला असता.

१९ नोव्हेंबर, सोमवार

खोली चार पूर्णांक नऊ. एका दिवसात एक पूर्णांक एक गेला! हिशोब सरळ आहे, मार्चमध्ये मी रिटायर व्हायच्या आधीच गाडी दारातून जाणार. दहा फेब्रुवारी दूरच, जानेवारीच्या मध्यातच खेळ खलास. ड्यूटीवर दिवसभर खुशीत होतो. कारखान्यात तपासणीला आलेले दोन भाग रिजेक्ट केले तेही हसत हसत.

२ डिसेंबर, रविवार

पुन्हा सव्वीस! पुन्हा तेहतीस केली. हवेकडे इतकं दुर्लक्ष! शिकवून काय उपयोग झाला?

५ डिसेंबर, बुधवार

तीन पूर्णांक आठ. पण आज डोक्यात किडा शिरला. उजवी बाजू जास्त झिजली ते ठीक, तिथे उजवी वळणं जास्त आहेत. पण झीज गुळगुळीत नाही. रबर ओरबाडल्यासारखं निघालंय, मांजराने सोफ्यावर नखं काढावीत तसं. तेहतीस वर्षं निरीक्षण विभागात काढली, बेअरिंग नुसतं पाहून सांगतो कुठे घासतंय. आणि घरातला टायर मला काही सांगत नाही म्हणजे काय!

पेरूच्या झाडाखाली गाडी उभी करून दोन्ही चाकांना दोरा लावला. चाकं एका रेषेत. चेन बरोबर. कुसुम म्हणाली, "अहो, टायर लवकर संपावा असं तुम्हालाच वाटतं ना? मग दुरुस्ती कशाला शोधताय?"

मी म्हटलं, दुरुस्ती नाही, कारण शोधतोय. ती "बरं" म्हणून आत गेली.

१६ डिसेंबर, रविवार

वैजू पडली.

पहाटे मी हवा पुन्हा तेहतीस केली होती. दुपारीच परत आली. उजवं कोपर सोलवटलंय, हँडलचं टोक घासलंय, बाकी धड. "बाबा, टेन्शन नका घेऊ, मागचं चाक थोडं घसरलं, बस." कुसुमने हळद लावली. मी बाहेर जाऊन टायर मोजायला बसलो, तोंड उघडलं असतं तर ओरडलोच असतो.

तरी एक वाक्य मनात आलंच — बघ, मी म्हणत होतो! खोली दोन पूर्णांक सहा.

१९ डिसेंबर, बुधवार

ड्यूटी सुटल्यावर अवधपुरीला अनीसकडे गेलो. वैजूच्या गाडीचं काम तोच करतो. तिला सांगायचं नाही या बोलीवर त्याला टायरचे फोटो दाखवले. सस्पेंशन सैल आहे का, मी विचारलं.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. "अंकल, सस्पेंशन ठीक है. ये ज़्यादा हवा का निशान है. टायर फूला रहेगा तो ज़मीन कम पकड़ेगा, गरम ही नहीं होगा. ठंडा रबर ऐसे ही फटता है."

मी म्हटलं, पट्टीवर तेहतीस आहे.

"वो तो सड़क के लिए है! ट्रॅक पे चलते-चलते हवा अपने आप बढ़ती है, इसलिए छब्बीस से निकलते हैं. बिटिया को मैंने ही बताया था. वो तो छब्बीस ही रखती है... फिर किसने भरी? पीछे से फिसलेगी, अंकल, गिर जाएगी."

मी चहा अर्धा टाकून निघालो. पिपलानी चौकापर्यंत चालत आलो आणि मग आठवलं की स्कूटर अनीसच्या दुकानासमोरच राहिलीय.

२० डिसेंबर, गुरुवार

तिने ठरवलेला आकडा वहीत लिहिला होता. मुद्दाम. मी त्याला निष्काळजीपणा समजलो. ट्रॅकवर गेल्यावर तिला कळलं का नाही? कारण हवा मोजायचं गेज माझं, माझ्या कपाटात, माझ्या कुलपात. "तपासणी झालेलं गेज घराबाहेर जाणार नाही" — हाही नियम माझाच! किती नियम केले रे नीळकंठा!

तिला पाडलं मी. मीच.

२२ डिसेंबर, शनिवार

आज खरं लिहितो, ही डायरी कोण वाचतंय. दोन दिवस गप्प बसलो ते लाजेने नाही. विचार असा होता की पंपाला हात लावायचा नाही, पण सांगायचंही नाही. टायर अर्ध्याहून जास्त गेलाच आहे. गाडी गेली की प्रश्न मिटला. मुलगी धडधाकट घरात.

पण दोष दिसला आणि रिपोर्टमध्ये लिहिला नाही, असं मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. मोठमोठ्या साहेबांनी "जाने दो, नीळकंठजी" म्हटलं तेव्हाही नाही. घरच्या वहीत करू?

२३ डिसेंबर, रविवार

वहीत लिहून टाकलं. दोष: हवा जादा, तेहतीस. कारण: निरीक्षकाने न विचारता भरली, तीन वेळा. परिणाम: टायरची अकारण झीज व चालक पडणे. उपाय: निरीक्षकाने पंपापासून दूर राहावे. खाली सही. वही तिच्या टेबलावर ठेवली आणि भाजी आणायला पळालो. भाजी घरात होती.

२४ डिसेंबर, सोमवार

अबोला. फक्त सकाळी, बूट घालता घालता: "बाबा, मी महिनाभर स्वतःला शिव्या देत होते. मला चालवताच येत नाही असं वाटायला लागलं होतं." आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२६ डिसेंबर, बुधवार

वहीत माझ्या सहीखाली तिचं अक्षर: "रिपोर्ट स्वीकारला. निरीक्षकाला एक संधी." रात्रीच्या जेवणात पहिल्यांदाच ट्रॅकचा विषय निघाला. मीच काढला.

३१ डिसेंबर, सोमवार

कालच्या ट्रॅकनंतर दोन पूर्णांक एक. फक्त अर्धा मिलिमीटर गेला! झीज गुळगुळीत, सुंदर. पहिल्यापासून सव्वीस असती तर हा टायर मार्च ओलांडून गेला असता. आता दहा फेब्रुवारी कशीबशी. बहुतेक नाहीच.

१४ जानेवारी २०१९, सोमवार

एक पूर्णांक सहा. तिळगूळ घेतला, दिला. आकडा वहीत लिहिला आणि वही मिटली.

२७ जानेवारी, रविवार

आज हवाईपट्टीवर गेलो. गेज बरोबर नेलं. ते माझ्याच खिशात होतं, म्हणजे नियम तसा मोडला नाही!

वैजू कोणती ते आधी ओळखूच आलं नाही. मग शेवटच्या उजव्या वळणावर एकजण असा वाकला की मी डोळे मिटले, आणि उघडले तर ती सरळ होऊन पुढे निघूनही गेली होती. शांतपणे. कुठे घाई नाही, धसमुसळेपणा नाही. एखादा जुना टर्नर लेथवर बारीक कट घेतो तसं काम. भीती वाटली. फार वाटली. आणि छातीही फुगली, लिहायला काय हरकत आहे.

परतल्यावर चाक हाताने चाचपलं. टायर चांगला गरम होता.

२८ जानेवारी, सोमवार

मी मोजलं, एक पूर्णांक एक. पास! वैजू शेजारी उकिडवी बसली. "बाबा, तुम्ही चांगली खाच शोधताय. करारात 'कुठेही' लिहिलंय. इथे मोजा." मोजलं. शून्य पूर्णांक नऊ.

मी म्हटलं, निम्मा टायर माझ्या हवेने खाल्लाय, तो धरायचा नाही. ती म्हणाली, "तशी अट नाहीये त्यात. सही केलीय मी." वहीत तिनेच लिहिलं — टायर संपला. मग बादली आणून गाडी धुवायला बसली. ट्रॅकसाठी आरसे काढलेली ती गाडी तिने अर्धा तास पुसली. मला बघवेना. इतकी कशी माझ्यावर गेली ही मुलगी!

२ फेब्रुवारी, शनिवार

कराराप्रमाणे गाडी विकली. कोणाला विकायची ते करारात नव्हतं. खरेदीदार नीळकंठ, निरीक्षण विभाग. साक्षीदार कुसुम, हसून हसून तिची सही वाकडी आली. अनीसकडून नवा मागचा टायर बसवून आणला, हवा सव्वीस. नव्या मालकाला गिअरची गाडी चालवता येत नाही, त्यामुळे दहा तारखेला वैजू नेईल. गेज घेऊन.