काळ्या टोपीखालचा तुकडा

पूर्णा,
८ जानेवारी २०२४

ती. आक्कांच्या चरणी राजेश्रीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या भावाच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या, लाल गाडीची खबरबात तुम्ही विचारली होती. ती आता गाडीसारखी दिसायलीय. सेलूच्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामातून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवून रिटायर झालेला माणूस ह्या दोन सीटच्या, बिनटपाच्या गाडीपायी पोरसवदा झालाय. नांदेडच्या भंगारातून कार्बोरेटर आणला, हैदराबादेत ठोकून पडलेल्या अशाच एका गाडीचे पिस्टन आणले. माझ्या तव्यावर बेअरिंगं गरम करतात आणि वरून मलाच विचारतात, भाकरीला वंगणाचा वास कसा काय येतो.

आता भ्यायची गोष्ट. दिवाळीनंतर ह्यांना दोनदा फिट आली, एकदा अंगणात, एकदा न्हाणीत. डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय, गोळ्या चालू ठेवा आणि स्टेअरिंगला हात लावायचा नाही. घरी येऊन ह्यांनी मला गळ्याची आण घातली, आक्काला सांगायचं नाही. मी सांगत नाही, लिहायलेय. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सगळं घर तुम्हाला लिहूनच कळवतं, हे ते विसरले. तरी आण मोडली की काय, ते तुम्हीच सांगा.

२७ तारखेच्या शनिवारी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं आणि तिथून झरीला तुमच्या दारात, असं ठरवून बसलेत. मी नको म्हणाले तर जेवण सोडलं. रस्त्यात फिट आली तर स्वतः जातील आणि कुणाच्या तरी लेकरालाही नेतील. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. काय करू, कळवा.

लोभ आहेच, तो आता जरा जास्त लागणार आहे.

आपली,
राजेश्री


झरी,
१५ जानेवारी

चि. सौ. राजेश्रीस कमलबाईचे अनेक आशीर्वाद.

आण मोडली न्हाई. मोडली असंल तर ती माज्यावर, मी थोरली हाय. पोरी, तुजं पत्र दोनदा वाचलं. आमच्या वडलांना, बापूला, असेच झटके यायचे. मोटंवर उभे असताना झटका आला आन सरळ हिरीत गेले. तवा तुजा नवरा, रुद्रा, पाळण्यात व्हता. त्याला हे ठावं हाय, म्हणूनच माज्यापासून तोंड लपवायलाय.

भांडू नको, भांडल्यावर तो लय हट्टाला पेटतो. आमचे मालक बाजारात जीप उभी केली की इंजिनावरच्या काळ्या टोपीखालचा तुकडा काढून खिशात टाकायचे. बोटाएवढा असतो, रोटर म्हणायचे. टोपीतून जाड वायरी निघत्यात, तीच वळख. त्याच्याबिगर ठिणगी पडत न्हाई, चोरालाबी गाडी सुरू व्हत न्हाई. जुन्या गाडीला असंल बघ. काढ आन लपीव. आळ आला तर माजं नाव सांग. झरीला येऊन भांड म्हणावं, मला कुठं ऐकू येणार हाय.

नरसिंहाला मी हितूनच हात जोडलेत. खुशाली लगोलग कळीव, आन माया हाय तशी राहू दे.

तुजी,
आक्का


पूर्णा,
२९ जानेवारी

ती. आक्कांना शि. सा. न. वि. वि.

हे सुखरूप आहेत, दवाखान्यातून घरी आलेत. एवढं आधी वाचा, मग पुढचं.

शुक्रवारी हे कटिंगला गेले तेव्हा मी टोपी उघडली आणि तुकडा मेथ्यांच्या डब्यात टाकला. टोपीची क्लिप तीनदा लावली तेव्हा बसली. शनिवारी सकाळी ह्यांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, फाटक उघडलं आणि चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मी दारात उभी. चिडून माझ्याकडं वळले आणि मान तशीच आखडली. डोळे फिरले. उजवा पाय रेसच्या पेडलवर ताठ झाला, पार तळापर्यंत. आणि फाटकासमोर शाळेच्या पोरांचा ऑटो थांबलेला होता, आक्का.

गाडी जागची हलली नाही.

काल ह्यांनी स्वतः टोपी उघडली आणि त्या रिकाम्या जागेकडं बघत बसले. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण बोललेच नाहीत. अजून बोलत नाहीत, गोळ्या तेवढ्या मुकाट घेतात. फिटपेक्षा ह्या गप्प बसण्याला मी जास्त भ्यायलेय. तुम्ही त्यांना चार ओळी लिहा.

तुमच्या आशीर्वादाच्या भरवशावर असलेली,
राजेश्री


पूर्णा,
११ फेब्रुवारी

ती. आक्कास महारुद्रचा शि. सा. दंडवत.

तुझ्या चार ओळी मिळाल्या. त्यातल्या तीन शिव्या होत्या, त्या वाजवी आहेत.

इंजिन चालवताना मला कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी शुद्धीवर आलो तर चाकाखालचं लिंबू अख्खं होतं आणि ऑटोतली पोरं माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून भ्यायलोय. बापू विहिरीत गेले ते एकटे गेले. मी एकटा गेलो नसतो.

गाडी विकणार नाही. तुकडा कुठं ठेवला होता तेही विचारणार नाही. मी राजेश्रीला शिकवायलोय. चालवायची तिनं, मी आता असिस्टंट. क्लच सोडताना ती डोळे मिटते, एवढीच तक्रार आहे.

शिव्या येऊ देत, पण लोभही येऊ दे.

तुझा,
रुद्रा

ता. क. आक्का, पाकीट चिकटवायच्या आधी मी दोन ओळी घालते. काल शिकाऊ पाटी लावून गाडी स्टेशनपर्यंत नेली. डोळे मिटते हे साफ खोटं आहे. हे शेजारी बसून गियरचं सांगत असतात, आणि सांगता सांगता मधेच गप्प झाले की माझ्या काळजाचं पाणी होतं. रस्त्याकडं बघू की ह्यांच्याकडं, तेच मला कळत नाही.