रंगूचा अर्ज

गिरगाव, मुंबई
ता. ५ नोव्हेंबर १९३३

चि. रंगूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

व्हर्नाक्युलर फायनलला दुसऱ्यांदा नापास झालीस म्हणून दोन दिवस जेवली नाहीस, असे बाबांनी कळवले. असे करू नये. इथल्या इस्पितळातल्या सुईणीच्या वर्गाचा तुझा अर्ज मिळाला. मुंबईतल्या नातलगाची सही लागते खरी, पण मी तो ट्रंकेत ठेवला आहे. तू माझ्यासारखी मास्तरीण व्हावीस. परीक्षेला पुन्हा बस.

बाबांना नमस्कार सांगावा. प्रकृतीस जपावे, हा आशीर्वाद.
केसरताई

बोर्ली पंचतन
ता. १५ नोव्हेंबर

ती. केसरताईस रंगूचा सा. न. वि. वि.

जेवले नाही हे खोटं. भाकरी चोरून खाल्ली. तुझा पदवीच्या झग्यातला फोटो बाबांनी देवांशेजारी लावलाय. त्याखाली बसलं की येणारं गणितही चुकतं.

परवा मोहल्ल्यातली महेरुन्निसाभाभी अडली. मूल पायाळू. गावच्या सुईणीचे, सगुणाकाकीचे, हात आता थरथरतात. ती सांगत गेली, मी केलं. मायलेक सुखरूप आहेत. विटाळ म्हणून बाबांनी मला दोन दिवस पडवीत बसवलं, पण म्हणाले, इस्पितळाचं बोलावणं आलं तर तळा गावच्या स्थळाला नको म्हणतो. न्हाय आलं तर माघात लगीन. अर्जाची मुदत तीस तारखेची आहे. सही कर.

धाकटीवर माया असावी.
रंगू

मुंबई
ता. ८ डिसेंबर

चि. रंगूस आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वेळेवर मिळाले होते. टपालाला दोष देण्याचा मोह झाला, म्हणून हे आधी लिहिते. वाटले, मुदत टळली की तू आपोआप अभ्यासाला लागशील. त्याच आठवड्यात महिला मंडळात मी भाषण केले, की प्रत्येक मुलीला तिच्या वकुबाची वाट मिळाली पाहिजे. टाळ्या पडल्या. घरी आले, आणि तुझा अर्ज ट्रंकेतच होता.

काल इस्पितळात गेले. पुढचा वर्ग जुलैत. तू नापास झालीस म्हणून इकडे वळलीस, असे मी म्हणताच मेट्रनबाईंनी विचारले, हे काम नापासांचे असे तुम्हाला कोणी सांगितले? मी तिथेच अर्ज पुढे ठेवला. सही केली आहे. बाबांनी जुलैपर्यंत थांबावे, असे त्यांना आजच लिहिते.

माझ्यावरचा विश्वास पार सोडू नकोस.
केसरताई

बोर्ली पंचतन
ता. ९ जानेवारी १९३४

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, एकीला पदवीच्या कागदापायी थांबवली, ती अजून बिनलग्नाची हाय. तळ्याची माणसं येऊन सुपारी फुटली. माघ वद्य पंचमी. मी रडले नाही, सगुणाकाकी रडली.

बाबा तुझं पत्र जपून ठेवतात, पण ऐकतात ते समोर बसलेल्या माणसाचं. दर गुरुवारी मुंबईची बोट दिघी बंदराला लागते. करवली म्हणून यायचं की मला न्यायला, ते बोटीत ठरव. पण ठरवूनच उतर.

राग धरलेला नाही. तूही मला दूर लोटू नयेस.
तुझी रंगू