विमानाचा विनंती थांबा

विसरवाडी, गुरुवार, दिवेलागण

आज उगाच मोबाइलवर शोधलं, सुरत ते जळगाव विमानाने किती. पाऊण तास! थेट विमान आहे का, ते काही लिहिलेलं नाही. पण पाऊण तास. एसटीत कंडक्टर म्हणून हयात गेली माझी, याच रस्त्यावर अख्खा दिवस मोडायचा.

थोरली लेक मनीषा सुरतला, धाकटी ज्योती जळगावला. मनीषाच्या मुलाच्या जावळाला ज्योती गेली नाही, "लांब पडस" म्हणाली. तेवढ्यावरून अबोला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात; दोन आखाज्या झाल्या, एक आली की दुसरी येत नाही. पाऊण तासाचं लांब?

मोबाइलच्या नकाशावरची विमानाची रेघ हिला दाखवली. जवळजवळ आपल्या घरावरूनच जाते. हिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "मंग त्या इमानले आठे विनंती थांबा मांगा ना!" कंडक्टरची बायको शेवटी, हात दाखवला की गाडी थांबते, एवढं तिला पक्कं. मी हसतोय तोवर तेच मोबाइलमध्ये बोलून हिने दोघींना धाडलंसुद्धा.

ज्योतीचा लगेच फोन. "बा, आखाजीले मी येसू."

हिने तेही मनीषाला कळवलं. चहा गार झाला माझा. मग मनीषाची एकच ओळ आली: "ती कोनती गाडीमा ई ऱ्हायनी?" बहीण कोणत्या गाडीने येतेय विचारते, म्हणजे मनीषाही येणार.

आमच्या फाट्यावर गाड्या सगळ्याच थांबतात, विनंती लागत नाही. विनंती पोरींना करायची होती. ती मला, कंडक्टरला, दोन वर्षं सुचली नाही.