शेवटचा हात

३ फेब्रुवारी
हिराबाईंनी काम प्रभंजनला दिलं! मला नाही — प्रभंजनला! लग्नाच्या आधीपासून मी त्यांच्याकडे गाणं शिकले. हे त्यांचं बहुतेक शेवटचं रेकॉर्डिंग. आणि त्यावर शेवटचा हात कोण फिरवणार? मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्ड झालेल्या गाण्याचा आवाज शेवटी नीट बसवणं, हे ज्याला मी उणकलच्या ह्याच माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवून शिकवलं, तो!
बातमी दिली सुमंतने. आंघोळीला जाता जाता, टॉवेल खांद्यावर. कुठली गोष्ट कधी सांगावी हे नवऱ्यांना कळतच नाही.

४ फेब्रुवारी
धारवाडला जाऊन आले. बाईंना सरळ विचारायचं ठरवलं होतं. धीर झाला नाही. त्याच म्हणाल्या, "पोराला जरा उभं राहू दे की ग, वेदा. तुझं बस्तान बसलंय."
काय बसलंय? भजनी मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि कलघटगीच्या एका साहेबांच्या वाढदिवसाचं गाणं! हसत हसत चहा प्यायले. कपसुद्धा विसळून ठेवला.

९ फेब्रुवारी
काही नाही. जळतेय.

१४ फेब्रुवारी
प्रभंजनने गाणी पाठवली. "अक्का, झालं सगळं. तू एकदा ऐक की. तू हो म्हटल्याशिवाय सोडणार नाही." मान दिल्याचं नाटक! मिरवायला पाठवलंय, दुसरं काय. ऐकणार नाही.

ऐकलं. खोलीत ऐकलं, सुमंतच्या गाडीत ऐकलं, फोनवर ऐकलं. तिन्हीकडे तेच. ट्रेबल, म्हणजे आवाजातलं वरचं बारीक, इतका चढवलाय की 'स' आणि 'श' कानाला टोचतात. तानपुरा तर कढईत मोहरी तडतडावी तसा! बाईंचा तो जाडसर, उबदार आवाज कुठे गेला? एवढं ढळढळीत ह्याला कळू नये? हाच पूर्वी बंद दारापलीकडचा पंखा ऐकून सांगायचा, बेअरिंग गेलंय म्हणून!
आनंद झाला. खोटं कशाला लिहू? इतका झाला की शिरा केला. सुमंत विचारत होता, आज काय विशेष?

१५ फेब्रुवारी
त्याला सांगितलं तर तो दुरुस्त करणार आणि वाहवा त्याची होणार. नाही सांगितलं तर — धारवाडचे कान काही कमी नाहीत. कळेल सगळ्यांना. बाईंनाही कळेल, कुणाला द्यायला हवं होतं ते.
लिहून पाठवलं, "एकदम छान. काहीही बदलू नकोस."
लगेच उत्तर. "जीव भांड्यात पडला, अक्का!" एवढं काय त्यात?

२२ फेब्रुवारी
बाईंच्या घरी सगळे जमले होते. गाणी लावली. पहिल्याच गाण्याला बाई म्हणाल्या, "जरा बारीक करा." मग पुन्हा म्हणाल्या, "अजून बारीक." त्यांचे तबलजी बाळाचार्य खाली बघत बसले. माझ्या मनात गुदगुल्या! वाटलं, आता त्या प्रभंजनकडे बघतील.
नाही बघितलं. माझा हात धरला त्यांनी. हळूच म्हणाल्या, "असा पत्र्यासारखा झाला होय ग माझा आवाज? मला कुणी सांगितलंच नाही."
पेढा हातातच राहिला.

२३ फेब्रुवारी
प्रभंजन आला होता. उंबऱ्यातच उभा राहून सांगत होता. गेल्या वर्षीच्या तापात त्याचे कान गेले — पूर्ण नाही, वरचं बारीक बारीक ऐकूच येत नाही. एकट्या बाईंना माहीत होतं. त्याच म्हणाल्या होत्या, तू कर, वेदाला ऐकव, ती सांगेल.
"मला वाटलं होतं माझंच चुकलं," म्हणाला. "पण अक्का, तू तर छान म्हणालीस. म्हणजे बाईंचाच आवाज गेला."