माझ्या जागी एक मासा

२ सप्टेंबर, सोमवार

काच परत हिरवी! परवाच तर घासली होती. हातांना अजून वास येतोय.

काल रविवार, बाईंचा व्हिडिओ कॉल. लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून दर रविवारी करतात. माझं तोंड बघायच्या आधी मासे बघतात. "टाकीसमोर धर." धरला फोन. "अरे, मासे कुठेत? हे तर नुसतं भिजलेलं हिरवं फडकं दिसतंय." मागून लेक हसली. बाई नाही हसल्या. टाकी साहेबांची. साहेब गेले, मासे राहिले. मला ठेवलंय ते घर राखायला आणि हे चौदा जीव जगवायला. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या — "धूळ चालेल, काच घाण नको." मी हो म्हटलं.

तेव्हा कुठं ठाऊक होतं लंबूचा फोन येईल! लंबू आणि मी गोदामात एकत्र पोती उचलायचो. आता तो बोटीवर लागलाय, स्वयंपाकघरात. "एक जागा आहे. एक ऑक्टोबरला दुपारी सुटतो आम्ही. आलास तर आलास, बोट कुणाच्या बापाची वाट बघत नाही." त्यालाही हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं!

माळीकाकांना विचारलं, मी गेलो तर माशांचं बघाल का. ते बुधवार-शनिवार येतात. म्हणाले, "चिमूटभर खाणं टाकीन. पण पाण्यात हात घालायचा नाय आपण. ते निळं मला बघून दात काढतं."

मग काच कोण घासणार? विचार केला आणि सापडलं — शेवाळ खाणारा मासा! माझ्या जागी तो. तो घासेल काच, मी जाईन समुद्रावर.

३ सप्टेंबर

बाजाराच्या टोकाला रंगीत माशांचं दुकान. दुकानदाराच्या गळ्यात दोरीला चष्मा लोंबतो, म्हणून मी त्याला चष्मा म्हणतो. (मनात.) म्हटलं, शेवाळ खाणारा मासा द्या.

"टाकीत कोण आहे?"

"मासे."

"अरे राजा, चाळीत कोण राहतं विचारलं तर माणसं राहतात म्हणशील का?"

फोटो दाखवला. चष्मा नाकावर चढला. "सिक्लिड! मग अवघड आहे. यांच्यात पाहुणा टिकत नाही. एकेक दगड वाटून घेतलेला असतो लेकाच्यांनी."

मग टाक्यांमधून फिरवलं मला. गोगलगायी — तुझे त्यांना उपटून खातील. एक सोनेरी, काचेला तोंड लावून बसलेला, मला लगेच आवडला — "नको. लहान आहे तोवर काच चाटतो. मोठा झाला की काच सोडून दुसऱ्याच्या अंगाला चिकटतो. आमचा मेव्हणा तसाच." एक हातभर लांब, काळा, मगरीचा भाऊ शोभेल असा — "हा तुझ्या टाकीत गेला तर वळणार कसा? त्याला रिव्हर्समध्येच जगावं लागेल." शेवटी एक कुरूप ध्यान दाखवलं. सपाट, ठिपकेदार, नाकावर मिशा की दाढी की मुळं, काय ते कळेना. "हा दाढीवाला. अंगाला चिलखत, तोंडाला काम, डोक्याला ताप नाही. पण हे अजून बोटभर आहेत. मोठे यायचेत. तळहाताएवढा आला की तुला देतो. दोन आठवडे थांब."

दोन आठवडे! मी उभ्या जन्मात कशासाठी दोन आठवडे थांबलो नाही.

५ सप्टेंबर

थांबलो नाही. पुलाखालच्या दुसऱ्या दुकानातून सहा आणले. इवलेसे, बोटाच्या पेराएवढे. तिथला दुकानदार म्हणाला, शेवाळावर तुटून पडतात. पडले की! सहाच्या सहा काचेवर. घर एकदम गजबजल्यासारखं वाटलं.

६ सप्टेंबर

सकाळी दोनच उरलेले. दुपारी एक.

निळा जो आहे, सगळ्यांवर डाफरत फिरणारा, त्याचं नाव मी मुकादम ठेवलंय. त्याच्या तोंडातून शेपूट बाहेर होती. माझ्याकडे बघत होता. हू की चू नाही.

७ सप्टेंबर

एकही नाही. मी मारले ते. चष्म्याला सांगणार नाही.

८ सप्टेंबर, रविवार

बाईंच्या फोनआधी काचेचा एकच कोपरा घासला आणि फोन तिथंच धरून बसलो. बाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आज काय, सगळ्यांची सभा आहे का एका कोपऱ्यात?"

लाज वाटली. पण हसूही आलं.

११ सप्टेंबर

दुपारी ऊन खिडकीतून टाकीत शिरतं आणि पाणी छताला जाऊन लागतं. म्हणजे लागत नाही, पण दिसतं तसं. छत हलतं. मी खाली फरशीवर उताणा पडून बघतो. मग वाटतं, मीच तळाशी आहे. खुर्च्या, कपाट, साहेबांचा फोटो, सगळं पाण्यात. कुणी घाई करत नाही. फिल्टरचा तेवढा आवाज — घोरणाऱ्या माणसासारखा. डोळा लागला. स्वप्नात बोट होती, पण तिच्या खिडक्या हिरव्या आणि बाहेरून कुणीतरी एवढ्याशा तोंडाने त्या पुसत होतं.

जागा झालो तर एक पिवळी समोर थांबलेली. गाल फुगलेले. खाणं टाकलं, सगळे धावले, ती नाही. परवापासून खात नाही ती. आजारी?

१२ सप्टेंबर

चष्म्याकडे पळत गेलो. ऐकून चष्मा हसला. "आजारी नाही रे. तोंडात अंडी आहेत तिच्या. तीन आठवडे तोंड मिटून राहील. काही खाणार नाही. पिल्लं पोहण्याजोगी झाली की मगच तोंड उघडेल."

तीन आठवडे उपाशी! मला एक वेळ चहा नाही मिळाला तरी मी नोकरी सोडलीय.

मग त्याने खोदून खोदून विचारलं. खाणं किती देतोस? म्हटलं, मी जेवायला बसलो की त्यांनाही. "आणि दिवा?" म्हटलं, चालू असतो. "किती वेळ?" मी जागा असेन तोवर. "का?"

का म्हणजे काय. घरात दुसरं कोण आहे? दिवा असला की ते दिसतात.

चष्म्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राजा, शेवाळ तूच पिकवतोयस. दिवा आठ तास. खाणं एकदाच, चिमूटभर. तुझे मासे जात्याच दगड खरवडून खाणारे आहेत. पण ताटात आयतं पडतंय तर दगडाला तोंड कोण लावेल?"

आणि मी त्यांनाच मदतीला माणूस शोधत होतो!

१५ सप्टेंबर, रविवार

आईचा फोन. बोटीचं सांगितलं. "परत निघालास? पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलास बघ. वीटभट्टी झाली, हॉटेल झालं, पंप झाला, गोदाम झालं." म्हटलं, बोटीवर पाय हलवायलाच नको, बोटच हलते. ती हसली नाही.

बाईंना बोटीचं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१८ सप्टेंबर

दाढीवाला आला! तळहाताएवढा. पिशवीत असा बसलेला, जसं कुणी उचललंच नाही त्याला.

चष्म्याने युक्ती सांगितली होती. नवा मासा सोडायच्या आधी सगळे दगड हलवायचे. "जो तो आपलं घर शोधत बसतो. कुणाचा कोपरा कुठला, कुणालाच ठाऊक नसतं. त्या गडबडीत नव्याला सोडायचं. त्या दिवशी सगळेच नवे." दिवा बंद ठेवायचा.

बाही वर करून तासभर दगड हलवले. पिवळीच्या बाजूचा तेवढा राहू दिला. मुकादम आधी माझ्या बोटांवर धावून आला, मग गोंधळला, मग नुसताच मधोमध उभा राहिला. त्याला जागाच उरली नव्हती. कीव आली मेल्याची.

भट्टीवर, हॉटेलात, गोदामात — मी गेलो तेव्हा कुणी दगड हलवले असते तर! सगळीकडे एक मुकादम आणि एकेक वाटून घेतलेला कोपरा. "ही माझी खाट." "तो नळ आमचा."

सोडलं. गेला सरळ खाली, दगडाखाली शिरला. संपलं.

२० सप्टेंबर

दिसत नाही.

२१ सप्टेंबर

दिसत नाही. मेला असेल. माळीकाका म्हणाले, "तुझ्या जागी ठेवलास ना? मग पळाला असणार."

२२ सप्टेंबर, रविवार

सांगितलं बाईंना. एका दमात. बोट, लंबू, एक तारीख, किल्ली कुंडीखाली, माळीकाकांचं कबूल करणं, दाढीवाला. वाटलं, ओरडतील. बाई म्हणाल्या, "मग जा की. तुझ्या वयात कोण चौदा माशांपाशी बसतं? साहेब बसले ते साठीनंतर."

मग — "काच तेवढी बघ. कुणी नसेल घरात, तरी आतून त्यांना बाहेरचं दिसायला हवं ना रे."

मी आजवर फक्त आत बघत होतो.

२४ सप्टेंबर

जिवंत आहे!! सकाळी काचेवर एक पट्टा. बोटभर रुंद, नागमोडी, स्वच्छ. पाटीवर ओलं बोट फिरवावं तसा. पट्ट्याच्या शेवटाला तो, तोंड लावून, दाढी हलवत. मी श्वास धरून बसलो. मुकादम आला, धक्का मारला, याचं लक्षच नाही. परत मारला. याने फक्त पाठीवरचा पंखा उघडला, काटेकाटे. मुकादम असा वळला, जसं काही दुसरीकडेच काम निघालं.

शाब्बास रे दाढीवाल्या!

२६ सप्टेंबर

फोन टाकीत पडला. पिवळीचा फोटो काढायला वाकलो होतो. गेला डुलत डुलत खाली, उजेड चालूच. मुकादमाने त्याच्यावर दोनदा चोच मारल्यासारखं केलं. मग उजेड गेला. दुरुस्तीवाला म्हणतो, मासेमारी करायला गेला होतास का? हा आता फक्त कागदं दाबायला.

जाऊ दे. लंबू बंदरावर भेटेलच. एक तारखेची पहाटेची बस, दुपारची बोट. सरळ आहे.

२८ सप्टेंबर

काच आरशासारखी. दगडसुद्धा खरवडलेत सगळ्यांनी मिळून, उपाशी होते ना. माळीकाकांच्या फोनवरून बाईंना दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. नातू रडत होता मागे, तरी बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेव आता."

काका जाताना म्हणाले, "बुधवारी मी येईन तेव्हा तू पाण्यावर. सांभाळून. उलट्या होतात म्हणे."

३० सप्टेंबर

पिवळीने तोंड उघडलं!

दुपारची वेळ, ऊन टाकीत. ती दगडाच्या फटीशी गेली, थरथरली, आणि तोंडातून एक धूर निघावा तसं — पण धूर नाही, डोळे! नुसते डोळे आणि त्यांना लागलेल्या शेपट्या. भाताच्या शितांएवढी पिल्लं. फटीत गेली, बाहेर आली, परत गेली. तिचं पोट-पाठ एक झालंय. पण मुकादम जवळ आला तर अशी गेली त्याच्या अंगावर की बस!

जेवलो नाही. हललो नाही. परवा बोट, आणि पिशवी भरायचीय.

३१ सप्टेंबर

पिशवी भरली. दोन शर्ट, टॉवेल, आईचा फोटो. एवढाच मी. प्रत्येक ठिकाणाहून एवढाच निघालोय.

मग मोजत बसलो. हलतात, मोजता येत नाहीत. अकरा. परत मोजली, बारा. परत अकरा. एक जण बहुतेक दाढीवाल्याच्या पोटाखाली झोपतो. दाढीवाला सरकत नाही, त्याला चालतं. ऊन चढलं, छत हललं, ऊन उतरलं. किती वाजले कळलं नाही. घर असं होतं की आत कुणी बोललं तर बुडबुडे निघतील. एका पिल्लाने काचेशी येऊन माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यात खिडकी दिसत होती, आख्खी, एवढीशी. त्यात कुणीतरी बसलेलं.

उद्या एक तारीख. आठ तास झाले, दिवा बंद केला. बोटीवर जाऊनही हे लिहीन.

अकरा की बारा?

२ ऑक्टोबर

पहाटे किल्ली कुंडीखाली ठेवली, पिशवी घेऊन थांब्यावर. बस आली. तीतून माळीकाका उतरले! "हे काय, बोटीवरून परतसुद्धा आलास?" म्हटलं, आज बुधवार नाही, काल एकतीस होती, आज एक. म्हणाले, बुधवारच आहे, आणि दोन तारीख. सप्टेंबरला एकतीस दिवस तुझ्या कुठल्या मास्तरने दिले?

बोट काल दुपारीच गेली. मी मोजत होतो तेव्हा.

कंडक्टर ओरडला, "येतोस का?" मी काकांना पिशवी धरायला दिली आणि घराकडे पळत सुटलो.

बारा आहेत.