फाटलेल्या पानांवरचा नियम

बाबा, तुमचा नियम खोटा निघाला. मंगळवारी भर दुपारी, रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत, माझ्याच दहा माणसांसमोर खोटा निघाला आणि माझं तोंड एवढंसं झालं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आता तुमच्यावर चिडून काय उपयोग, पण त्या दिवशी चिडले होते खरी. थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "पोट्टे, शेपटाकडून काहून सांगून राहिली?"

आपला तो खेळ आठवतो ना? दोन ग्रहांच्या फौजा, एका उजाड चंद्रासाठी लढाई, फासे टाकायचे आणि मोजपट्टीनं मोजून शिपाई पुढे सरकवायचे. आपल्याला वाटायचं, असा डबा जगात एकच आहे आणि तो तात्यापाऱ्यात आपल्या घरी आहे. तसं नाही, बाबा. ज्या परदेशी कंपनीचा तो खेळ आहे ती अजून जोरात चालते, देशोदेशी लोक तो खेळतात. त्या कंपनीनं ठरवलं की खेळावर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अॅनिमेशन फिल्म करायच्या, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांकडून. मी हैदराबादची नोकरी सोडून रायपूरला परत आले, दोन खोल्यांचा स्टुडिओ काढला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, रायपुरात कोण देणार कार्टूनचं काम. मी कंपनीला आपल्या फौजेचे फोटो पाठवले आणि एक फिल्म मला मिळाली. अट एकच होती, फिल्ममध्ये जे घडेल ते खेळाच्या नियमांत बसलं पाहिजे. मी म्हटलं, नियम? अहो, नियम तर मला पाठ आहेत.

तो डबा तुम्ही गोल बाजारातल्या रद्दीवाल्याकडून आणला होता. कुण्या साहेबाची बदली झाली, त्याच्या घरची रद्दी. आत शिशाचे सोळा शिपाई, त्यातल्या तिघांना मुंडकं नाही, आणि एक पुस्तक. त्याची एकतीस ते चौतीस पानं कुणीतरी फाडून नेलेली. बाकीची फौज आपण दोघांनी केली, रिकाम्या रिळांचे रणगाडे आणि पेनाच्या टोपणांच्या तोफा. तुमचं इंग्रजी रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या बाबूला लागतं तेवढंच, पण ड्यूटीवरून आले की डिक्शनरी घेऊन बसायचे आणि एकेक नियम मराठीत उतरवायचे. मला अजून दिसतं. चटईवर चादर पसरली आहे, चादरीखाली माझी शाळेची पुस्तकं म्हणजे डोंगर, आणि मधोमध आईचा पोळपाट म्हणजे चंद्र. तुम्ही एक डोळा मिटून नेम बघता आहात. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडते, "तुमचा चंद्र द्या इकडे, पोळ्या लाटायच्या हायेत!" मग दोन ग्रहांची लढाई जेवणं होईपर्यंत थांबते.

आणि मग ते नववीचं वर्ष. मी गणितात नापास झाले, विज्ञानातही. निकाल घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही चटईवर शिपाई मांडत होते. मी काहीच झालं नाही अशा थाटात मोजपट्टी हातात घेतली. तुम्ही निकाल वाचला, मोजपट्टी माझ्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाले, "आकडे समजत नाहीत तं मोजपट्टी कायले धरतेस? ठेव ती." बस्स, एवढंच. तुम्ही कधी हात उगारला नाही, पण त्या दिवशी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सगळी फौज डब्यात गेली. पंधरा दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलले. मला वाटलं, संपलं सगळं, आता आपण त्यांच्या उपयोगाचे नाही राहिलो.

मग एका रविवारी तुम्ही चटई अंथरली, मोजपट्टी माझ्या मांडीवर टाकली आणि पुस्तक उघडलं. फाटलेल्या पानांच्या जागी तुमच्या अक्षरातली पानं चिकटवलेली. म्हणाले, नवीन नियम सापडला, ऐक. लढाईत एखादा शिपाई पडला आणि त्याला आणायला त्याचा सोबती मागे फिरला, तर त्या फेरीत दोघांवर कुणीही गोळी झाडायची नाही. पुढच्या फेरीत दोघंही खेळतील. मी विचारलं, "हे कुठून आणलं?" तुम्ही म्हणाले, "पुस्तकात आहे." पुस्तकात आहे म्हणजे आहे! जी पानं फाटून गेली ती तुम्ही वाचली कशी, हे विचारायची अक्कल ना मला आली ना आईला. घरात सगळे धरूनच चालले की हेही तुम्ही केलेलं भाषांतरच आहे. मी तर तीस-बत्तीस वर्षं धरून चालले. तेवढ्यात शाळेनं मला पुन्हा परीक्षेला बसू दिलं, तुम्ही फाशांवरून मला गणित शिकवलं, मी सुटले. शाळेचं मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं, वाटलं, सगळ्यांनाच बसू देत असतील.

तर माझ्या फिल्मचा सगळा शेवट त्या नियमावर उभा. दोन्हीकडून तोफा चालू आहेत आणि एक शिपाई मागे फिरतो. पडलेल्या सोबत्याला पाठीवर घेतो आणि चंद्राच्या त्या उघड्या माळावरून चालत येतो. त्याला पाहून इकडची तोफ थांबते, मग तिकडची. पाच मिनिटं एक शब्द नाही, फक्त त्याची पावलं. सहा महिने आम्ही ती पावलं काढत होतो. मंगळवारी कंपनीच्या बाईनं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. नियम तपासणं हेच तिचं काम. ती शांतपणे म्हणाली, सुंदर आहे, पण असा नियम आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी ठसक्यात म्हटलं, जुन्या पुस्तकात आहे, पान एकतीस ते चौतीस. तिनं तिथल्या तिथे त्या पानांचे फोटो पाठवले. त्यावर छापलं होतं, पडलेला शिपाई लगेच उचलून डब्यात टाकावा आणि समोरच्याला एक गुण द्यावा. झालं, पितळ उघडं पडलं. ती म्हणाली, तुमचं पान पाठवा, आठवडाभरात कळवते. नाहीतर शेवट बदलावा लागेल, एखादा मोठा स्फोट वगैरे चालेल. कॉल बंद झाल्यावर माझी मुख्य चित्रकार म्हणाली, "दीदी, ये सीन गया तो पिक्चर में बचा क्या?"

घरी जाऊन पुस्तक काढलं. तुम्ही दोन कागद पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवले होते, जाड पान व्हावं म्हणून. स्कॅन नीट येईना, तेव्हा मी किटलीच्या वाफेवर धरून ते हळूहळू सोडवले. एका कागदाच्या पाठीवर वॅगनचा जुना फॉर्म होता. दुसऱ्याच्या पाठीवर तुमच्याच अक्षरात हिंदीतला अर्ज, कच्चा, खाडाखोड केलेला. "महोदय, मैं तीसरी बार निवेदन कर रहा हूँ। मेरी बेटी को परीक्षा का एक अवसर और दिया जाए। घर पर मैं स्वयं पढ़ाऊँगा।" मी तो तीनदा वाचला. मग आईसमोर नेऊन धरला. ती आता ऐंशीची झाली आहे, पण चष्मा लावल्याबरोबर म्हणाली, "हव, गेले होते न. तीनदा गेले, ड्यूटी सोडून. हेडमास्तर दोन विषयवाल्यांले बसूच देत नव्हते. शेवटी कटकट नको म्हणून दिलं बसू."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तेच म्हणे, सांगू नको. पोट्टीले वाटलं पाहिजे का तिनं स्वतःच केलं."

बाबा, मोजपट्टी ओढून घेणारे तुम्ही, तेवढेच पंधरा दिवस माझ्या लक्षात होते. त्याच पंधरा दिवसांत तुम्ही त्या शाळेच्या पायऱ्या तीनदा चढले, आणि आल्यावर त्याच कागदाच्या पाठीवर हा नियम लिहिला. मी किती लोकांना सांगितलं असेल, आमचे बाबा प्रेमळ, पण माझ्यासाठी कुठे दोन शब्द बोलायला जाणारे नव्हते. हे बोललेलं आता परत कसं घेऊ? मी रडले, आईही रडली, मग तिनं मला दटावलं की अर्जावर पाणी सांडू नको.

कंपनीला मी सगळं खरं लिहून टाकलं. पान पाठवलं, इंग्रजीत अर्थ लिहिला, आणि लिहिलं की हा नियम तुमचा नाही, आमच्या बाबांचा आहे, मला आजवर माहीत नव्हतं. आठ दिवस उत्तर नाही. स्टुडिओत कुणी धड जेवलं नाही. मग काल त्या बाईचा मेल आला. त्यांच्या नियम करणाऱ्या लोकांनी अख्खा दिवस बसून तुमचा नियम खेळून पाहिला. चालतो म्हणाले! फक्त एक पळवाट दिसली, एखादा खेळाडू गोळी चुकवायला दर फेरीत शिपाई मागे फिरवत राहील. वडिलांनी यावर काही लिहिलं आहे का, असं विचारलं. मला एवढं हसू आलं. खालच्या ओळीचं इंग्रजी करायचं मीच घाईत विसरले होते. तिथे तुम्ही दोनदा अधोरेखित करून लिहिलं आहे, "एका डावात एकदाच. लबाडी चालणार नाही." ते पाठवलं आणि आज सकाळी मंजुरी आली. शेवट राहिला, बाबा. पाचही मिनिटं राहिली. फिल्मच्या अखेरीस नावं येतात, त्यात नियम करणाऱ्याचं नाव काय घालायचं ते त्यांनी विचारलं, मी तुमचं पूर्ण नाव लिहून दिलं. आईनं ते लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, मालधक्क्यावरच्या सगळ्यांले दाखव.

हे पत्र टाकायचं कुठे? त्या पुस्तकातच ठेवते, एकतीस ते चौतीसच्या जागी, तुमच्या अर्जाला लागून. पण तुमच्या नियमावर एवढी मोठी झाले आणि एक गोष्ट दाबून ठेवली, ती सांगूनच ठेवते. नियम आला त्याच रविवारी, दुसऱ्या डावात, तुम्ही तुमचा बिनमुंडक्याचा शिपाई आणायला एकाला मागे फिरवलं. मी जिंकायला आले होते. मी म्हटलं, बाबा, या डावात तुमचं एकदा झालं आहे, आणि गोळी झाडली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "हव, झालं असन," आणि दोन्ही शिपाई उचलून डब्यात ठेवले. झालं नव्हतं, बाबा. मले माहीत होतं.